तीन मुले आणि दोन सायकली : दोस्तीची साहसकथा कशी लिहावी

कुमारवयातल्या मुलांच्या दोस्तीवर कथा किंवा लघुपट लिहायला बसणारा माणूस बहुधा साहसापासून सुरुवात करतो. भुयार, पडका वाडा, दागिने पळवणारी टोळी, अमावास्येची रात्र असे सगळे साहित्य तो आधी गोळा करतो आणि मग त्यात तीन-चार मुले सोडून देतो. अशा कथेत मुले पळतात पुष्कळ, पण त्यांचे एकमेकांत काय गुंतले आहे हे शेवटचे पान उलटले तरी कळत नाही. म्हणून क्रम उलटा धरावा. मुलांमधले देणेघेणे आधी ठरवावे. कोणी कोणासाठी काय सोसले आहे, कोणामुळे कोण अडचणीत आला आहे आणि ते फेडण्याची कोणाला घाई झाली आहे, हे प्रथम कागदावर यावे. साहस त्यानंतर, त्या देण्याच्या मापाने बेतावे. पुढची सगळी मांडणी कोल्हापूर आणि त्याचा परिसर समोर ठेवून केली आहे, कारण अशी कथा कुठल्याशा 'एका गावात' घडून चालत नाही. ती ठरावीक रस्त्यावर, ठरावीक चढावर आणि ठरावीक वारी घडावी लागते.

आधी देणे, मग धाडस

मार्क ट्वेनच्या 'टॉम सॉयर'मध्ये (1876) टॉम आणि हक मध्यरात्री दफनभूमीत खून होताना पाहतात आणि याची वाच्यता करायची नाही अशी रक्ताने सही करून शपथ घेतात. खरा पेच त्यानंतर सुरू होतो. एका निरपराध माणसावर खटला उभा राहतो आणि मित्राला दिलेला शब्द पाळायचा की त्या माणसाचा जीव वाचवायचा, हे टॉमला ठरवावे लागते. खुनाच्या जागी दुसरे एखादे रहस्य बसवता येईल. शपथ काढून घेतली तर मात्र कथेत काही शिल्लक राहत नाही. आपल्या कथेत ही शपथेची जागा कोणती, हे पहिले पान लिहिण्याआधी ठाऊक असावे.

एक उदाहरण घेऊ आणि ते लेखभर वापरू. सातवीतली तीन मुले आहेत. मंगळवार पेठेतला दिग्विजय, म्हणजे दिग्या. त्याचा थोरला भाऊ एका तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. प्रयाग चिखलीचा संतोष, म्हणजे संत्या. तो रोज पहाटे बापाच्या जुन्या सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून शहरात रतीब घालतो आणि मग शाळेत येतो. तिसरा अनिकेत, वडिलांच्या बदलीमुळे तो याच वर्षी कोल्हापुरात आला आहे आणि त्याला सायकल नीट येत नाही. शाळेची सहल पन्हाळ्याला जाते. दिग्या मिरवायला म्हणून भावाचे फुटबॉलचे बूट न विचारता घालून येतो, दुपारपर्यंत ते चावायला लागतात, तेव्हा संत्या आपल्या चपला त्याला देतो आणि स्वतः अनवाणी हिंडतो. बुटांची पिशवी सांभाळायला अनिकेतकडे दिलेली असते. अनिकेत ती भेळेच्या गाडीपाशी विसरतो. परत येईपर्यंत दिग्याने संत्याच्या चपलेचा अंगठाही तोडलेला असतो. रविवारी शाहू स्टेडियमवर भावाचा सामना आहे, म्हणजे शनिवारच्या संध्याकाळपर्यंत बूट घरी परत यायला हवेत.

हे सगळे किरकोळ वाटेल, आणि ते किरकोळच असावे. बारा वर्षांच्या मुलाला आंतरराष्ट्रीय टोळीपेक्षा थोरल्या भावाची भीती जास्त असते. या बेतात प्रत्येक मुलगा दुसऱ्या कोणाचे तरी देणे लागतो आणि ज्याने सर्वांत जास्त सोसले आहे तो संत्या त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, एवढे मिळाले की कथेचा पाया झाला.

किती मुले असावीत

दोन मुलांची कथा लिहिणे सर्वांत अवघड आहे, कारण तिसरा माणूस नसला की कोणी बाजू घेऊ शकत नाही आणि सगळा भार संवादावर येतो. चार मुले असली की दोनाच्या दोन जोड्या पाडता येतात. 'स्टँड बाय मी' (1986) या अमेरिकन चित्रपटातली चार मुले बेपत्ता मुलाचे प्रेत शोधायला रेल्वेच्या रुळांवरून चालत निघतात, तेव्हा त्या दोन दिवसांत जोड्या मोडतात आणि जुळतात, त्यावरच चित्रपट उभा आहे. पाचापुढे गेल्यास वाचकाला नावे लक्षात ठेवायचे काम लागते. नवख्या लेखकाने तीन घ्यावीत. तिघांत एक जण नेहमी बाहेर पडतो, आणि बाहेर कोण आहे हे बदलत गेले की गोष्ट आपोआप पुढे सरकते.

त्यातही तीन मुलांना दोनच सायकली द्याव्यात. हा या लेखातला सर्वांत उपयोगी सल्ला आहे असे माझे मत आहे. दोन सायकली म्हटल्या की कोणीतरी कोणाच्या तरी कॅरिअरवर बसणार, कोणीतरी कोणाला तरी ओढणार, आणि कोण कोणाच्या मागे बसला हे न बोलता सांगता येणार. निघताना अनिकेत दिग्याच्या मागे बसतो, कारण दिग्या म्होरक्या आहे आणि नव्या मुलाला म्होरक्याच्या मागे बसायचे असते. परतताना तो संत्याच्या मागे बसतो. या दोन बैठकींमध्ये जे घडते ती आपली कथा. ते घडवायला किटल्या अडकवायच्या आकड्यांची जड सायकल आणि ढिला ब्रेक एवढी सामग्री पुरते.

बाहेरून आलेला मुलगा घेण्याचा आणखी एक फायदा आहे. स्थानिक मुलाला जे सांगायची गरज नसते, ते याला सांगावे लागते, आणि त्या निमित्ताने वाचकाला परिसर कळतो. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला' चित्रपटातला मुलगा आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. नव्या मित्रांबरोबर किल्ल्यावर गेलेला तो पावसात एकटा मागे राहतो, तेव्हा प्रेक्षकही त्याच्याइतकाच परका झालेला असतो. मात्र या मुलाला सतत प्रश्न विचारायला लावू नये. तो पाहुण्यासारखा माहिती विचारत सुटला की मुलांची कथा सहलीचे माहितीपत्रक होते.

कागदावर रस्ता काढा

कथेतल्या मुलांना जाऊन येता येईल एवढाच टापू कथेचा असतो, तेव्हा तो खरोखर काढून बघावा. कोल्हापुरातून पन्हाळा सुमारे 20 किलोमीटर आहे. शिवाजी पूल ओलांडला की पंचगंगा मागे पडते, पुढे चिखली आणि आंबेवाडीचे फाटे, मग वडणगे, केर्ली आणि वाघबीळ. तिथून खरा चढ लागतो. हा रस्ता लेखकाने एकदा सायकलने करावा, निदान दुचाकीने सावकाश तरी करावा आणि तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: कुठे उतरून सायकल ढकलावी लागते, कुठे ओळखीचे माणूस भेटण्याची धास्ती आहे, आणि कुठून परत फिरणे पुढे जाण्याइतकेच लांब पडते.

आपल्या उदाहरणात दुसरी गोष्ट फार कामाची आहे. चिखली फाट्यावर संत्याला ओळखणारे किमान दहा जण उभे असणार. दिग्याला पेठेतून सुटल्याचा आनंद जिथे होतो, तिथेच संत्याच्या पोटात गोळा येतो. एकाच रस्त्याचा एक तुकडा एका मुलाला मोकळा आणि दुसऱ्याला धोक्याचा वाटावा, ही सोय नकाशा काढल्याशिवाय सुचत नाही.

वेळेचेही असेच आहे. शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटल्यावर घरी काहीतरी थाप मारून बाराला निघता येते. एका सायकलवर दोघे आणि पुढे घाट, म्हणजे वर पोहोचायला तीन वाजणार. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. तासाभरात पिशवी सापडली तरी शिवाजी पूल गाठेपर्यंत अंधार पडणार हे उघड आहे, आणि हे मुलांना केर्लीतच कळले पाहिजे. तिथे परत फिरायचे की नाही यावर पहिला मतभेद ठेवावा. घड्याळाचा दाब असा हिशेबातून यावा; 'आता उशीर होत होता' असे लिहून तो येत नाही.

मोठी माणसे कुठे आहेत

मुलांना मोकळे सोडण्यासाठी आईबापांना मूर्ख किंवा निष्काळजी करू नये. मोठी माणसे आपापल्या कामात असतात, एवढे कारण पुरते. ऊसतोड आणि गुऱ्हाळाचा हंगाम असेल तर संत्याच्या घरातले कोणीच दुपारी घरी नसते. दिग्याचा भाऊ सरावाला गेलेला, आजी जेवून कलंडलेली. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या कादंबरीत तर आणीबाणीचा काळ आहे. मोठ्यांच्या डोक्याला त्यांचे स्वतःचे ताप आहेत आणि मुलांना बसायला अर्धवट बांधलेली इमारत मिळते. मोठ्यांचा काळ आणि मुलांचा काळ एकाच वेळी, पण निराळ्या गतीने चालतो हे दाखवण्याचा तो उत्तम नमुना आहे.

मोबाइलचे काय करावे, हा आजच्या लेखकाचा नेहमीचा अडसर. बॅटरी संपली हे उत्तर एकदा चालते, पण वाचक ते ओळखून असतो. त्यापेक्षा कथा 1990च्या दशकात नेणे हा सरळ मार्ग आहे. तेव्हा सायकल तासावर भाड्याने मिळत असे, म्हणजे दर तासाला पैसे वाढण्याचीही धास्ती आयती मिळते. आजचीच कथा हवी असेल तर तिघांत एकच फोन ठेवावा आणि तो अनिकेतकडे असावा. त्याची आई दर अर्ध्या तासाला फोन करणार आणि तो दर वेळी खोटे बोलणार. तिसऱ्या खोट्याच्या वेळी त्याचा आवाज बदलतो, हे बाकीचे दोघे ऐकतात. फोन लपवण्यापेक्षा फोनला कामाला लावणे केव्हाही चांगले.

गडावर पोहोचल्यावर

पन्हाळ्यावर कथा नेली की लेखकाला गुप्त खजिन्याचा मोह होतो. तो आवरावा. अंधारबाव ही तीन मजली वास्तू, तळाला विहीर आणि वर राहण्याची जागा, इतकी विलक्षण आहे की तिथे खजिना ठेवला की ती उलट लहान होते. शिवाय मुले भिंती खणतात, दगड सरकवतात, नावे कोरतात असे दाखवणे बेजबाबदारपणाचे आहे. 2025च्या जुलैत मराठा लष्करी स्थापत्याच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत पन्हाळा आहे; त्याआधीही तो संरक्षितच होता. वाचणाऱ्या मुलाला खणायची कल्पना आपण देऊ नये.

गडाचा इतिहास मात्र दुसऱ्या वाटेने वापरता येतो, आणि तो फार ताकदीचा आहे. जुलै 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज भर पावसात विशाळगडाकडे निसटले. त्यांच्यासारखा दिसणारा शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसला, पकडला गेला आणि मारला गेला. पुढे खिंडीत बाजीप्रभूंनी शत्रूला थोपवून धरले. कोल्हापूरच्या कोणत्याही मुलाला हे पाठ असते. आता मुलांना हा खेळ खेळायला लावावा आणि भूमिका कोण वाटतो ते बघावे. महाराज कोण होणार, यावर वाद होत नाही, दिग्याच होणार. बाजीप्रभू व्हायला दोघे भांडतात. सिद्दी जौहर नव्या मुलाच्या गळ्यात पडतो. आणि शिवा काशीद? 'तो तर लगेच मरतोय' म्हणून ती भूमिका कोणालाच नको असते, तेव्हा संत्या म्हणतो, मी होतो. एवढ्या एका खेळात तिघांची उतरंड वाचकाला दिसते आणि पुढे बुटांचा आळ स्वतःवर कोण घेणार याची पेरणीही होते. लेखकाने त्या क्षणी काहीही समजावून सांगू नये. जो वाचक ओळखेल तो ओळखेल, आणि जो ओळखणार नाही त्यालाही शेवटी ते आठवेल.

हा खेळ घाटाच्या आधी, केर्लीच्या सावलीत ठेवावा की गडावर, हा प्रश्न मी गडाच्या बाजूने सोडवीन. थकलेली मुले वर पोहोचतात, पिशवी लगेच सापडत नाही, भेळवाला आज आलेलाच नाही असे कळते, आणि वाट बघण्याच्या कंटाळ्यातून खेळ सुरू होतो. मुलांचे बहुतेक महत्त्वाचे खेळ कंटाळ्यातूनच सुरू होतात.

भांडण कुठे ठेवावे

नवख्या लेखनात मुले आधी संकटातून सुटतात आणि मग भांडतात, किंवा भांडतच नाहीत. भांडण संकटाच्या आधी यावे, म्हणजे संकटात शिरताना ती एकमेकांशी बोलत नसतात आणि तरीही त्यांना एकमेकांची गरज पडते. आर. के. नारायण यांच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'मध्ये (1935) तर साहसच दोस्तीच्या मुळावर येते: घर सोडून पळालेला स्वामी जंगलात वाट चुकतो, त्यामुळे क्रिकेटच्या सामन्याला पोहोचत नाही, आणि राजम त्याच्याशी बोलणे टाकतो. साहसाची किंमत मैत्रीत मोजली जाते. अशी किंमत आपल्या कथेतही असावी.

भांडणाचे कारण आणि भांडणाचा विषय हे दोन निराळे ठेवावेत. वाघबीळच्या चढावर भांडण चपलेवरून होत नाही, बसण्यावरून होते:

चढ लागला तसा दिग्या उतरला. कॅरिअरवरचा अनिकेत बसूनच राहिला.

"उतर की लगा, घाट हाय ह्यो."

"मला वाटलं तू ढकलणार आहेस."

"ढकलाय तू काय नवरदेव हाईस व्हय?"

संत्या पुढे गेला होता. त्याच्या चपलेचा अंगठा तारेने आवळलेला होता आणि प्रत्येक पावलाला तारेचे टोक बोटाला लागत होते, म्हणून तो पाय तिरका टाकत होता.

"संत्या, थांब की!"

"तुमी या. मला उतारावर सायकल धराय येत न्हाई, ब्रेक ढिला हाय. चढावरच काय ती चालतीया."

"म्हंजे आमी चालत न्हाई असं म्हणायचंय व्हय तुला?"

या तुकड्यात चपलेचा उल्लेख कोणीही करत नाही. ती फक्त निवेदनात आहे, एकाच वाक्यात, आणि दिग्या ती बघतो की नाही हेही सांगितलेले नाही. संत्या सायकलीबद्दल बोलतो आणि दिग्याला ते स्वतःबद्दल वाटते, कारण त्याचे मन आधीच खात असते. असा प्रसंग लिहून झाला की तपासावे: मुलांनी 'मैत्री', 'विश्वास', 'साथ' यांपैकी एखादा शब्द उच्चारला असेल तर तो काढून टाकावा. या वयाची मुले शपथ घेतात, शिव्या देतात, खांद्यावर हात टाकतात. मैत्रीची व्याख्या करत नाहीत.

बोलीचे प्रमाण

वरचे संवाद कोल्हापुरी वळणाचे आहेत आणि निवेदन प्रमाण मराठीत आहे. निवेदक मोठा माणूस असेल तर ही वाटणी ठीक. निवेदन मुलाच्याच तोंडी असेल तर तेही बोलीत हवे, आणि मग ते शंभर पाने निभावता येईल का, याचा आधी विचार करावा. 'नाद खुळा' आणि 'जाळ आणि धूर संगटच' ही वाक्ये इतकी वापरून झाली आहेत की ती आली की कोल्हापूरचा वाचक कंटाळतो आणि बाहेरच्याला विनोद वाटतो. बोली क्रियापदाच्या रूपात, हेलात आणि वाक्याच्या शेवटच्या 'की', 'व्हय', 'लगा'त असते, ती तिथेच राहू द्यावी. अनिकेतची भाषा सुरुवातीला निराळी असावी आणि पाऊण कथेनंतर त्याच्या तोंडून नकळत एक 'लगा' निसटावा. दुसऱ्यांदा नको.

पेठ, तालीम आणि संघ यांची नावे घेताना एक व्यावहारिक सावधगिरी बाळगावी. कोल्हापुरात फुटबॉलची ईर्षा कशी आहे हे सांगायला नको; खऱ्या संघाला कथेत हरवले किंवा त्याच्या खेळाडूला खलनायक केले तर कथेवरची चर्चा बाजूला राहील आणि भलतीच सुरू होईल. संघ काल्पनिक ठेवावा आणि मैदान खरे.

पूर, गुऱ्हाळ आणि ऋतूची निवड

कोल्हापूरची साहसकथा म्हटली की अनेकांना महापूर सुचतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेले की इशारा पातळी, 43 फुटांवर धोका पातळी, हे आकडे इथल्या पोरासोरांना तोंडपाठ असतात. रेडेडोहापाशी पाणी पन्हाळ्याच्या रस्त्यावर आले की पूर खरा कळतो. हा घड्याळाचा दाब लेखकाला आयता मिळतो हे खरे. तरी मी नवख्या लेखकाला पुराच्या मध्यावर मुलांना नेऊ नका असेच सांगेन. 2019 आणि 2021 मध्ये ज्यांची घरे बुडाली त्यांना पोहत जाऊन वासरू वाचवणारा बारा वर्षांचा नायक खोटा वाटेल, आणि एवढ्या मोठ्या संकटात तीन मुलांचे आपसातले देणे दिसेनासे होईल. पूर घ्यायचाच असेल तर ओसरल्यानंतरचा घ्यावा: शाळेतल्या निवाऱ्यातून घरी परतलेला संत्या, भिंतीवरची गाळाची रेघ, भिजलेली दप्तरे, आणि त्याच्या वह्या पुन्हा उतरवून द्यायला आलेले दोघे.

आपल्या उदाहरणाला हिवाळा अधिक मानवतो, कारण परतीच्या वाटेवर गुऱ्हाळ लागते. अंधार पडलेला असतो, तिघे बोलत नसतात, आणि केर्लीच्या अलीकडे गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा जाळ दिसतो. गूळ करणारा गुळव्या रसाच्या काहिलीपाशी उभा राहून आधणाकडे बघत असतो, उसाच्या चिपाडाचा ढीग बाजूला, आणि थंडीत सायकल चालवून हात गारठलेली मुले न विचारताच जाळाकडे सरकतात. त्यातले एक माणूस संत्याला ओळखते. 'तू शिवाप्पाचा नव्हं?' एवढ्या प्रश्नाने लपवाछपवी संपते. पण तेच माणूस वाटीत गरम काकवी देते आणि मग विचारते, इतक्या रात्री कुठून येताय. इथे खरे सांगायचे की थाप मारायची, हे तिघांनी मिळून, न बोलता, नजरेने ठरवायचे असते. परतीला निघाल्यापासून ती पहिल्यांदाच एकमेकांकडे बघतात. समेटाचा प्रसंग असा दुसऱ्याच कामाच्या पोटात दडवावा.

एक बाजूची गोष्ट. दिग्याला धाकटी बहीण असेल आणि तिला बुटांची सगळी भानगड पहिल्यापासून माहीत असेल, तर तिला फक्त चुगली करायला ठेवू नये. घरी थाप कोणती मारायची हे तिनेच सुचवलेले असावे. मुलग्यांच्या कथांत मुलींना एकतर बक्षीस किंवा अडथळा करण्याची जुनी खोड आहे, ती सोडलेली बरी.

पडद्यासाठी लिहिताना

हेच साहित्य लघुपटासाठी घेतले तर निम्मे संवाद गळाले पाहिजेत. कोण कोणाच्या मागे बसला, कोण घाटात थांबला, कोणाची वाटी आधी रिकामी झाली, एवढे कॅमेऱ्याला पुरते. मोठेपणीच्या निवेदकाचा आवाज शक्यतो टाळावा. तो आला की विटीदांडू, भोवरे आणि 'ते दिवसच वेगळे होते' हे सगळे मागोमाग येते, आणि समोर बसलेल्या आजच्या मुलाला आपण चुकीच्या काळात जन्मलो असे ऐकून घ्यावे लागते.

चित्रणाच्या बाजूने कोल्हापूरला अडचण नाही. बाबुराव पेंटर यांनी 1925 मध्ये 'सावकारी पाश' हा चित्रपट केला, 1929 मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनी याच शहरात सुरू झाली, आणि आज मोरेवाडीला चित्रनगरी आहे. दिवे, कॅमेऱ्याचे रूळ, रंगभूषा यांची माणसे गावातच मिळतात. मुलांच्या बाबतीत मात्र कायदा नीट वाचून घ्यावा. 2017 मध्ये दुरुस्त झालेल्या केंद्राच्या बालकामगार नियमांनुसार 14 वर्षांखालच्या कलाकाराकडून दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, सलग 3 तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मानधनाचा किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावा लागतो. पटकथा लिहितानाच याचा हिशेब करावा. संधिप्रकाशातले चार प्रसंग लिहिले तर ते चार संध्याकाळी चित्रित करावे लागतील, आणि शाळकरी मुलांच्या चार संध्याकाळी मिळवणे घाटातून सायकल ढकलण्यापेक्षा सोपे नसते. घाटाचा उतार खऱ्या रस्त्यावर, खऱ्या ढिल्या ब्रेकने चित्रित करण्याचा विचारही करू नये; सायकल चालू असताना चेहरे जवळून घ्यावेत आणि चाके वेगळी, सपाटीवर घ्यावीत.

शेवटची पाने

बूट मिळाले की कथा संपवण्याची घाई होते. बूट मिळतील की नाही, हे खरे तर फारसे महत्त्वाचे नाही. 'स्टँड बाय मी'मधली मुलेही एवढे चालून प्रेत सापडल्यावर ते तिथेच सोडून निनावी फोन करतात. माझ्या मते बूट मिळावेत, पण एकाची दोरी नसावी, आणि घरी भाऊ दारातच उभा असावा. त्याने विचारल्यावर संत्या 'मी घातलेले' म्हणणार हे वाचकाला ठाऊक असते. म्हणून तो तोंड उघडण्याआधी दिग्याने बोलावे. रविवारच्या सामन्याचे वर्णन करू नये. त्याऐवजी सोमवारी शाळेत संत्याच्या पायात कोणाच्या चपला आहेत, एवढे दाखवावे आणि पुढच्या तासाची घंटा द्यावी.

पहिला खर्डा झाल्यावर तो मोठ्यांना दाखवण्याआधी अकरा ते तेरा वयाच्या चार-पाच मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा. वाचताना मध्येच वर बघावे. मुलांचे लक्ष जिथे उडाले तिथे समासात खूण करावी आणि कारण विचारू नये, कारण ती लेखकाला बरे वाटेल असे कारण सांगतात. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा: या तिघांपैकी तुम्ही सायकलवर कोणाच्या मागे बसाल? सगळ्यांनी एकच नाव घेतले तर उरलेली दोन मुले अजून उभी राहिलेली नाहीत, तेव्हा त्या दोघांचे देणे पुन्हा लिहायला घ्यावे. उत्तरांवरून मुलांमध्येच वाद सुरू झाला, तर खर्डा संपादकाकडे पाठवायला हरकत नाही.